डोळा पाहून काजळ

लग्नसराई सुरू झाली की गावोगावच्या नवऱ्यामुली मला एकमेकींच्या बहिणी वाटायला लागतात. साडी वेगळी, दागिने वेगळे, उंची वेगळी; पण डोळे बघावेत तर सगळ्यांचे एकाच साच्यातले! वरच्या पापणीवर तीच जाड काळी रेघ, कोपऱ्यात तेच शेपूट, पापणीवर तीच चकाकी. रंगवणारीला तरी काय बोलावं? तिला एका दिवसात तीन-तीन नवऱ्या सजवायच्या असतात. पण अल्बम घरी आला की मुलीची आईच विचारते, "अगं, ही आमचीच का?"

मैत्रिणींनो, साडी घेताना आपण पदर खांद्यावर टाकून बघतो. पोलकं मापानं शिवतो. बांगड्या मनगट बघून भरतो. डोळ्यांच्या बाबतीत मात्र दुसरीला शोभलं ते आपल्यालाही शोभेल असं धरून चालतो. आता तर मोबाइलवर धडेच धडे. कोरियातली मुलगी पापणीवर काय लावते ते आमच्या घरातल्या पोरींना तोंडपाठ असतं. पण तिकडच्या बऱ्याच जणींच्या पापणीला वर घडी नसते, आपल्या पापणीला बहुधा असते. एवढा साधा फरक कोण लक्षात घेतं?

माझ्या थोरल्या जाऊबाईंचं याबाबतीत एकच वाक्य आहे. "आंदी डोया पाह्य, मंग काजय लाव." आमच्याकडे वऱ्हाडी बोलीत 'ळ'चा 'य' होतो, म्हणून डोया आणि काजय. आज मी जे सांगणार आहे त्यातलं निम्मं त्यांच्याकडून शिकलेलं, निम्मं डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलेलं आणि उरलंसुरलं घरातल्या बायकांचे चेहरे बघून कळलेलं.

मी १९८७ साली लग्न होऊन मलकापूरहून रोहिणखेडला आले. बुलढाणा जिल्ह्यातलं, मोताळा तालुक्यातलं हे गाव. जिल्ह्याचे आमच्याकडे दोनच भाग, घाटावरचा आणि घाटाखालचा. रोहिणखेड घाटाखालचं. खुदावंतखान महदवीनं १५८२ साली बांधलेली मशीद गावात आहे, आणि पंधराव्या-सोळाव्या शतकांतल्या दोन लढायांमुळे इतिहासाच्या पुस्तकांतही गावाचं नाव सापडतं. मी आले तेव्हा मात्र मला सगळ्यांत आधी कळलं ते हे, की आपल्या थोरल्या जाऊबाईंच्या हाताला गावात मान आहे. कुणाच्याही घरी लग्न असो, नवरीचे डोळे करायला बोलावणं त्यांनाच.

त्यांचं सामान ते काय? काजळाची पितळी डबी, कापूस गुंडाळलेली काडी आणि हातातला आरसा. नवरीला दाराशी उजेडात बसवायच्या आणि नुसत्या बघत राहायच्या. पोरगी लाजून विचारायची, "काय पाहून राह्यल्या काकू?" त्या म्हणायच्या, "डोये पाहून राह्यली." मगच काडी उचलायच्या. एकीला वरच्या पापणीलाच रेघ, दुसरीला खालीही, तिसरीच्या नुसत्या बाहेरच्या कोपऱ्याला. असं का, हे त्यांनी कुणाला समजावून सांगितलं नाही. मी शेजारी बसून बघत गेले.

काजळही घरचंच असायचं. आमचा मुलूख कपाशीचा, तेव्हा वातीला कापूस शेतातला. पणतीत एरंडेल घालून वात लावायची, दोन बाजूंना विटा ठेवून त्यांवर तांब्याचं ताट पालथं घालायचं, ज्योत ताटाला जेमतेम लागेल एवढं अंतर ठेवायचं. रात्रभरात ताटावर काजळी धरते. सकाळी ती चमच्याच्या पाठीनं खरवडून साजूक तुपाच्या दोन थेंबांत घोटायची. तुमच्यापैकी पुष्कळ जणींच्या माहेरी असंच काजळ पाडत असतील.

आमच्या गावाच्या डोक्यावर जे डोंगर आहेत तीच रांग पुढे अजिंठ्याची. लग्नानंतर दोन-तीन वर्षांनी आम्ही सगळ्या जावा मुलाबाळांना घेऊन लेणी बघायला गेलो होतो. पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीसमोर जाऊबाई थांबल्या त्या हलेचनात. त्याचे डोळे खाली झुकलेले, अर्धे मिटलेले. पापणी केवढी तरी मोठी दिसते आणि डोळा थोडासा. जाऊबाई म्हणाल्या, "याच्या डोयात खालून काजय भरलं असतं तर सारं बिघडलं असतं." मला हसू आलं, पण पुढे एका जाणकारांकडून चित्रसूत्राविषयी ऐकलं तेव्हा त्यांचं बोलणं आठवलं.

विष्णुधर्मोत्तर पुराणात चित्रकलेवर जो भाग आहे त्याला चित्रसूत्र म्हणतात. त्यात डोळ्यांचे पाच आकार सांगितले आहेत. ध्यानात खाली दृष्टी लावलेल्याचा डोळा धनुष्यासारखा. स्त्रियांचा आणि प्रेमात असलेल्यांचा माशाच्या पोटासारखा. शांत मनाच्या माणसाचा निळ्या कमळाच्या पाकळीसारखा. भ्यालेल्याचा, रडणाऱ्याचा पद्माच्या पाकळीसारखा. पाचवा रागावलेल्याचा आणि दुःखी माणसाचा. म्हणजे एकच डोळा मोठा आणि सुंदर, बाकीचे कमअस्सल, असं त्या चित्रकारांनी मानलंच नाही. डोळ्याचा आकार त्यांना मनाशी जोडावासा वाटला. आपण मात्र मुलगी बघायला जातो आणि "डोळे काय, बरे आहेत" एवढं म्हणून मोकळे होतो!

आधी डोळा ओळखा

दिवसाउजेडी आरशासमोर बसा. तोंड धुतलेलं असावं, केस मागे बांधलेले. हसू नका, भुवया वर करू नका, समोर सरळ बघा. चार गोष्टी तपासायच्या.

पहिली, डोळे उघडे असताना पापणीवरची घडी दिसते का, की भुवईखालची कातडी तिच्यावर उतरली आहे? दुसरी, बुबुळाच्या वर किंवा खाली पांढरं दिसतं का? दिसत असेल तर डोळा गोल, टपोरा. बुबुळ वर-खाली पापण्यांना थोडंसं टेकलेलं असेल तर बदामी. तिसरी, नाकाकडच्या कोपऱ्यातून एक आडवी पेन्सिल धरा. बाहेरचा कोपरा तिच्या वर जातो की खाली? चौथी, दोन डोळ्यांच्या मध्ये आणखी एक डोळा मावेल एवढी जागा आहे का? कमी असेल तर डोळे जवळजवळ, जास्त असेल तर लांब लांब.

एक सांगून ठेवते. दोन्ही डोळे अगदी सारखे असे फारच थोड्या जणींचे असतात. एक पापणी केसभर खाली असतेच. तेव्हा त्याचं दुःख नको. जी बाजू खाली आहे तिथे वरची रेघ किंचित जाड ओढली की झालं.

बदामी डोळ्यांना फार सांगायला नको. पापणीच्या केसांलगत रेघ, आत बारीक आणि बाहेर जाताना थोडी जाड. एवढ्यात ते खुलतात.

टपोऱ्या डोळ्यांच्या मुलीला लहानपणापासून कौतुक ऐकायची सवय असते, म्हणून ती काजळ भरपूर घालते. रेघ मध्यावर जाड झाली की डोळा आणखी वाटोळा दिसतो आणि चेहऱ्यावर सदाचं आश्चर्य! त्यापेक्षा मध्ये रेघ बारीक ठेवावी, बाहेरच्या कोपऱ्यापुढे जराशी लांबवावी आणि गडद रंग बाहेरच्या तिसऱ्या भागातच विरवावा. खालच्या ओल्या कडेवर काजळ अशा डोळ्यांना खरोखर शोभतं.

१९६३ साली 'क्लिओपात्रा' चित्रपट आला आणि एलिझाबेथ टेलरच्या डोळ्यांची ती लांबवलेली रेघ जगभर गेली. त्याच दशकात आपल्याकडे साधना, शर्मिला टागोर यांच्या डोळ्यांवरही तशी रेघ दिसायची. माझ्या मोठ्या बहिणीच्या लग्नाच्या फोटोतही ती आहे. तिचे डोळे टपोरे म्हणून तिला शोभली. शेजारी बसलेल्या करवलीला नाही शोभली.

बारीक डोळ्यांवर मात्र मला थोडं जास्त लिहायचं आहे. धाकट्या दिरांची मुलगी, माझी पुतणी, हिचे डोळे बारीक. हसली की मिटतातच. तिला बघायला एक मंडळी आली होती. चहा-पोहे झाले, गप्पा झाल्या, आणि निघताना त्यांच्यातल्या एक बाई उंबऱ्यात चप्पल घालता घालता म्हणाल्या, "मुलगी छान आहे हो, पण डोळे बारीक आहेत." पोरीनं ते ऐकलं. त्यानंतर सहा महिने ती डोळ्यांभोवती काळं गोल कडं काढून कॉलेजला जायची. डोळा मोठा दिसावा म्हणून! आणि होत होतं उलटंच.

हे ध्यानात ठेवा. बारीक डोळ्याला चहूबाजूंनी काळ्या रेघेत कोंडलं की तो आणखी बारीक दिसतो. काळं फक्त वर, पापणीच्या केसांच्या मुळाशी, अगदी बारीक. खालच्या ओल्या कडेवर काळ्याऐवजी दुधी किंवा बदामी रंगाची पेन्सिल. खालून बाहेरच्या तिसऱ्या भागात तपकिरी रंग बोटानं विरवावा. पापण्यांचे केस चिमट्यानं वळवून वरच्या केसांना मस्करा लावला की निम्मं काम झालं. भुवया फार कोरू नयेत, नीटनेटक्या ठेवाव्यात. जाऊबाईंनी हे पोरीला करून दाखवलं आणि म्हणाल्या, "बारीक कायचे? हासरे आहेत तुये डोये." पोरीनं आरशात बघितलं आणि खरंच हसली.

खोल डोळ्यांवर भुवईची सावली आधीच पडलेली असते. घडीत गडद रंग भरला तर डोळे आजारी वाटतात. पापणीवर फिका, हलकी चमक असलेला रंग लावावा आणि रेघ बारीक ठेवावी. ज्यांचे डोळे थोडे पुढे आलेले असतात त्यांनी याच्या उलट करावं. चमक टाळावी, पापणीभर मध्यम गडद, बिनचमकीचा रंग, आणि रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत. पण बरं का, डोळे पूर्वी तसे नव्हते आणि अलीकडेच पुढे यायला लागले असतील, किंवा एक पापणी अचानक खाली उतरली असेल, तर पेन्सिल बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा. डोळे पुढे येणं थायरॉइडच्या दुखण्यातही होतं. ते झाकायचं काम काजळाचं नव्हे.

जवळजवळ असलेल्या डोळ्यांची रेघ नाकाकडच्या कोपऱ्यापासून सुरू करू नये. एक तृतीयांश सोडून सुरू करावी, बाहेर गडद करावी आणि आतल्या कोपऱ्यात फिका रंग टेकवावा. लांब लांब असलेल्या डोळ्यांची रेघ अगदी आतल्या कोपऱ्यापासून घ्यावी आणि बाहेर लांबवू नये. बाहेरचा कोपरा खाली झुकत असेल तर खालची रेघ कोपऱ्यापर्यंत नेऊच नये. वरची रेघ कोपरा यायच्या थोडी आधी वर उचलावी. नाही तर माणूस दमलेला दिसतो, आणि आपण बायका दमलेल्या असतोच, ते आणखी दाखवायला कशाला हवं?

चष्म्याचं कुणी सांगत नाही. लांबचं दिसत नाही म्हणून जो चष्मा लागतो, त्याच्या काचेतून डोळे लहान दिसतात. तेव्हा रेघ थोडी ठळक चालते. जवळचं वाचायच्या चष्म्याची काच डोळे मोठे करून दाखवते आणि रेघेतली प्रत्येक वाकडीतिकडी जागासुद्धा. तिथे हलका हात हवा. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्या मुलींनी लेन्स आधी घालावी, मग प्रसाधन. रात्री लेन्स आधी काढावी, मग प्रसाधन.

डोळा आधी, शोभा नंतर

जाऊबाईंच्या डबीतलं काजळ मला कितीही प्रिय असलं तरी एक गोष्ट आमच्या घरात बदलली आणि ती त्यांनीच बदलली. पूर्वी घरातल्या सगळ्या पोरांना रांगेनं बसवून एकाच बोटानं काजळ घालायचे. एका पोराचे डोळे आले की आठवड्यात सगळ्यांचे यायचे. खुपऱ्या, म्हणजे डॉक्टर ज्याला ट्रॅकोमा म्हणतात, तो आजारही असाच बोटांवरून, पंचांवरून, माश्यांवरून पसरतो. एके काळी त्यानं आपल्या देशात किती जणांची दृष्टी नेली! पुष्कळ वर्षांच्या कामानंतर, ऑक्टोबर २०२४ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेनं जाहीर केलं की सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून भारतातून खुपऱ्या गेल्या. गेलेलं दुखणं परत यायला नको. म्हणून काजळ, पेन्सिल, मस्करा ज्याचं त्याचं वेगळं. नणंद असो की लेक, "दे गं जरा" नाही.

तान्ह्या बाळाच्या डोळ्यांत काजळ घालू नका, हे आता डोळ्यांचे सगळेच डॉक्टर सांगतात. घरचं असलं तरी नको. काजळी म्हणजे जळल्याचे बारीक कण, तूप शिळं होतं, आणि घालणाऱ्या बोटाचं नख वेगळंच. बाळाचे डोळे काजळानं मोठे होत नाहीत. आमच्याकडे पहिला नातू झाला तेव्हा जाऊबाईंनी तीट त्याच्या तळपायाला लावली. "नजर लागाची थे इथूनई जाते," म्हणाल्या.

सुरम्याचं प्रकरण याहून गंभीर आहे. पारंपरिक सुरमा बहुधा गॅलेना नावाच्या खनिजाचा असतो आणि त्यात शिसं असतं. इजिप्तच्या राण्याही असलंच काही लावायच्या. शिसं शरीरात साठतं आणि लहान मुलांच्या बुद्धीच्या वाढीला बाधा आणतं. आपल्या कायद्यानं प्रसाधनांत रंगासाठी शिसं आणि आर्सेनिक वापरायला बंदी आहे, आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनानं तर सुरम्याला प्रसाधनातला रंग म्हणून परवानगीच दिलेली नाही. तेव्हा जत्रेत, फेरीवाल्याकडे मिळणारी बिननावाची पुडी कितीही थंड वाटो, घेऊ नका. वेष्टनावर बनवणाऱ्याचं नाव, घटक आणि मुदत छापलेली असेल तेच घ्या.

आणखी चार गोष्टी. मस्करा उघडल्यापासून तीन महिन्यांत संपवा नाही तर टाकून द्या. पेन्सिल दर वेळी थोडी तासून घ्या. डोळे आले असतील, रांजणवाडी झाली असेल तर काहीच लावू नका, आणि त्या दिवसांत वापरलेलं पुन्हा वापरू नका. रात्री झोपताना सगळं काढा. कापसाच्या बोळ्यावर थोडं खोबरेल घेऊन, डोळे मिटून, वरून खाली हलकेच. रगडू नका. पापणीची कातडी नाजूक असते.

सवाष्णीचं काजळ?

आता थोडं अवघड बोलते. थोरले दीर गेले त्याला सात वर्षं झाली. घरात कुणी जाऊबाईंना काही म्हटलं नाही. पण त्यांनी स्वतःच काजळ सोडलं, आणि नवऱ्यामुलींची बोलावणीही हळूहळू थांबली. भाद्रपदात आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात. ज्येष्ठा-कनिष्ठेच्या मुखवट्यांना काजळ लावायचं काम इतकी वर्षं त्यांचं. त्या वर्षी त्यांनी डबी धाकट्या जावेच्या हातात दिली आणि स्वतः पुरण वाटायला आत गेल्या.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. मी ती बातमी जाऊबाईंना मोठ्यानं वाचून दाखवली. त्या तांदूळ निवडत होत्या. "चांगलं केलं," एवढंच म्हणाल्या.

गेल्या वैशाखात पुतणीचं लग्न ठरलं. घरच्यांनी तिला तालुक्याच्या गावी एका पार्लरमध्ये दाखवून आणलं. नमुना म्हणून तिचे डोळे करून दिले होते. तेच काळं कडं आणि वर सोनेरी चकाकी! पोरगी घरी आली, तोंड धुतलं आणि सांगून टाकलं, "माझे डोळे मोठी आईच करेल." हळदीच्या दिवशी नात्यातल्या एक बाई माझ्या कानाशी लागल्या. "हौस ठीक आहे हो, पण सवाष्णीचा हात असता तर..." मी काही बोलायच्या आत पोरगी दाराशी उजेडात पाटावर जाऊन बसली आणि हाक मारली, "मोठी आई, ये ना, डोळे पाह्य माझे."

जाऊबाई आल्या. नेहमीसारख्या कितीतरी वेळ नुसत्या बघत राहिल्या. कानाशी लागलेल्या बाईही गप्प उभ्या होत्या. मग त्यांनी वरच्या पापणीला केसांच्या मुळाशी बारीक रेघ ओढली, बाहेर जरासा तपकिरी रंग विरवला, आणि खाली काही नाही. पाच मिनिटांत झालं. त्या लग्नाच्या अल्बममध्ये पोरगी जिथे जिथे हसली आहे तिथे तिथे तिचे डोळे मिटले आहेत, आणि कुणालाही विचारावं लागत नाही की ही कोण.

दुसऱ्या दिवशी सकाळी, वरात यायच्या आधी, मी जाऊबाईंना आतल्या खोलीत गाठलं आणि म्हटलं, "बाई, आज तुम्हीपण लावा."

"माह्या पापण्या लोंबल्या आता," त्या म्हणाल्या. "काजय रायतंच नाही. सारं वर उमटते."

हे मात्र खरं आहे, आणि साठीकडे झुकलेल्या पुष्कळ जणींची हीच तक्रार असते. वयानं वरची कातडी सैल होऊन पापणीवर उतरते. ओलं काजळ तिथे उमटतं आणि दुपारपर्यंत डोळ्यांखाली काळं होतं. यावर उपाय आहे. काळ्याऐवजी तपकिरी किंवा राखी पेन्सिल, पाण्यानं न पसरणारी. डोळा मिटवून, कातडी ताणून रेघ ओढायची नाही. समोर बघत, डोळा उघडा ठेवून, केसांच्या मुळाशी टिंब टिंब टेकवायची आणि काडीच्या कापसानं जोडून घ्यायची. वर चिमूटभर पावडर दाबली की ती हलत नाही. आतल्या ओल्या कडेला काही लावायचं नाही, आणि पापणीवर चमक मुळीच नको, सुरकुती उठून दिसते.

मी पेन्सिल काढली. "काळं नाही लावत. तपकिरी आहे."

"कोनाले दिसीन काय ते?"

"नाही दिसणार कुणाला."

"मंग लावाचं कायले?"

"तुम्हाला दिसेल ना."

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग चष्मा काढून समोर बसल्या. मी एका डोळ्याला लावलं, दुसऱ्याला लावलं, हातात आरसा दिला. नवरीकडे बघतात तशा त्या स्वतःकडे बघत होत्या. मला वाटलं, आता डोळ्यांत पाणी येणार आणि माझी रेघ जाणार. पण त्या म्हणाल्या, "डावा डोया खाली आहे माह्या. इकडे जरासक जाड पाह्यजे होतं." आणि माझ्या हातातून पेन्सिल घेऊन त्यांनी ते स्वतःच नीट केलं.

त्या भाद्रपदात महालक्ष्म्यांची डबी परत त्यांच्याकडे गेली. कुणी ठराव केला नाही. धाकट्या जावेनं डबी पुढे केली, त्यांनी घेतली.

परवा पुतणीचा सासरहून फोन आला. "काकू, सासूबाईंना लग्नाला जायचंय. त्यांचे डोळे खोल आहेत आणि चष्मा आहे. काय लावू?" मी फोन थोरल्या जाऊबाईंकडे दिला. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "चष्मा लांबचा का जवळचा?"